वॉरंटीतील गाडी हजार किलोमीटरला सातशे मिली ऑइल खाते. सर्व्हिस सेंटर म्हणते ‘नॉर्मल आहे’

वर्धारोडकर

नमस्कार मंडळी. माझी गाडी एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल इंजिनाची आहे. एमएच-४९ (नागपूर) पासिंग असून दोन वर्षे सात महिने झाले आहेत आणि मीटरवर ३८,४०० किलोमीटर आहेत. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर आहे. म्हणजे माझ्या हातात पाच महिने उरले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला गाजावाजा करायचा नसून गाडी दुरुस्त होऊन हवी आहे.

मी मनीषनगरला राहतो आणि आठवड्यातून तीन दिवस नोकरीसाठी वर्ध्याला जातो. एरवी गाडी शहरातच पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारते. शेवटची सर्व्हिस ३३,१०० किलोमीटरवर, वेळेवर आणि कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये झाली. दीड महिन्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने परत येताना, शिवमडक्याला खाली उतरण्याच्या वळणावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद लुकलुकला आणि विझला. गाडी बाजूला घेऊन, दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढली, तर तिच्या टोकाला ओलसुद्धा नव्हती. ओळखीच्या एकाने वर्धा रोडवरून ऑइलचे डबे आणून दिले आणि वरच्या खुणेपर्यंत पातळी आणायला दोन लिटर सहाशे मिली ऑइल लागले. तेव्हा मीटर ३६,९०० वर होते. त्यानंतरच्या दीड हजार किलोमीटरमध्ये आणखी एक लिटरचा डबा संपला आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिवसभर ठेवून घेतली. कोठेही गळती नाही, सायलेन्सरमधून धूर नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये धरला जाणारा दाब) तपासले तर तेही ठीक, असे सांगण्यात आले. सर्व्हिस ॲडव्हायझरने मॅन्युअलमधील एका ओळीवर बोट ठेवून ‘हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालते’ असे दाखवले, आणि वर ‘सर, नागपूरच्या उन्हात हे पातळ ऑइल टिकत नाही, पुढच्या वेळी घट्ट टाकून देऊ’ असा सल्लाही दिला. जॉब कार्डावर केवळ ‘सामान्य तपासणी, ऑइल टॉप-अप’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्या टॉप-अपचे पैसे माझ्याकडून घेतले आहेत.

हे खरोखर सामान्य आहे का? असल्यास मी गप्प बसतो. नसल्यास वॉरंटी संपण्याआधी नेमके काय करावे?

जुनेवर्कशॉप

हिंगणा एमआयडीसीत माझे इंजिन बांधण्याचे वर्कशॉप होते, आता मुलगा पाहतो. म्हणून निदानापुरते लिहितो. कायद्याचे दुसरे कोणीतरी लिहीलच.

आधी त्या लाल दिव्याविषयी, कारण तुम्ही ती गोष्ट ओघात सांगून पुढे गेलात आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पातळी लिटर-दोन लिटरने खाली गेली तरी सरळ रस्त्यावर तो पेटत नाही. वळणावर चेंबरमधले, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतले, उरलेसुरले ऑइल एका बाजूला गेले, पंपाच्या जाळीने हवा ओढली आणि दाब पडला, तेव्हा तो लुकलुकला. याचा अर्थ त्या दोन-तीन सेकंदांत क्रँकच्या बेअरिंगांना आणि टर्बोच्या बुशला ऑइल पुरेसे मिळाले नाही. कदाचित काही झाले नसेल. पण पुढे टर्बोचा आवाज आला किंवा बेअरिंग वाजू लागले, तर ही घटना वॉरंटीच्या काळात कागदावर आलेली असली पाहिजे. आज ती कोठेही नाही.

आता इंजिन ऑइल का खाते ते पाहू. प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात आणि तिसरी, जिला आम्ही ऑइल रिंग म्हणतो, ती सिलिंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते. ते ऑइल परत जावे म्हणून त्या रिंगेमागे पिस्टनला बारीक छिद्रे असतात. घर्षण कमी होऊन मायलेज वाढावे यासाठी हल्लीच्या इंजिनांत या रिंगांचा ताण कमी ठेवतात. त्यात टर्बोची उष्णता आणि शहरातल्या लहान फेऱ्या यांमुळे छिद्रांत कार्बन साचला की रिंग खाचेतच चिकटून बसते. मग भिंतीवर राहिलेला ऑइलचा थर दर फेऱ्याला थोडाथोडा जळत राहतो.

कॉम्प्रेशन ठीक आहे, म्हणून इंजिन ठीक आहे, हा तर्क मला मान्य नाही. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगांच्या आणि व्हॉल्व्हच्या जोरावर येते. ऑइल रिंग पूर्ण चिकटलेली असतानाही कॉम्प्रेशन मोजण्याचे घड्याळ उत्तम आकडा दाखवू शकते. उलट, सिलिंडरमध्ये ऑइल जास्त येत असेल तर त्या ऑइलनेच फट भरून आकडा चढा येतो. त्याऐवजी तीनही स्पार्क प्लग काढून त्यांच्या टोकांवर राखेचा थर आहे का ते पाहावे, आणि त्याच भोकातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा ओला आहे का ते पाहावे. एकाच सिलिंडरचा माथा ओला असेल, तर दोष त्या सिलिंडरच्या रिंगांत किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये शोधायचा. तिन्ही सारखे असतील, तर कार्बन, पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधल्या वाफा पुन्हा इंजिनात जळायला सोडणारी झडप) किंवा टर्बो यांकडे वळायचे. टर्बोच्या नळीत ऑइलचा हलका ओलावा मात्र नेहमीच असतो, त्यावरून कोणी घाईने टर्बो बदलायला सांगितले तर मान डोलावू नका.

धूर दिसत नाही, यालाही फारसे महत्त्व देऊ नये. सकाळी गाडी सुरू करताच निळसर फुरका आला तर व्हॉल्व्ह स्टेम सीलवर संशय घ्यायचा, जोर देताना सतत आला तर रिंगांवर, हे जुने अनुभव आजही खरे आहेत. पण सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असताना थोडे ऑइल त्यातच जळून जाते आणि मागे उभ्या माणसाला काही दिसत नाही. त्याची किंमत कन्व्हर्टर मोजतो, कारण ऑइलमधल्या फॉस्फरसने तो हळूहळू निकामी होतो.

घट्ट ऑइलाचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. ०डब्ल्यू-२० अशा पातळ ऑइलाच्या ग्रेडमधील ‘२०’ हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते यावरून ठरतो; त्या तापमानाला त्याची घट्टता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स (घट्टतेचे एकक) आणि ‘३०’ची ९.३ ते १२.५ असते. बाहेर मे महिन्यात ४५ अंश असले तरी इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. आपल्या उन्हाने ऑइल उडून जात असते, तर शहरातल्या सगळ्याच गाड्या कोरड्या पडल्या असत्या. घट्ट ऑइलाने खप थोडा कमी दिसेल, दोष झाकला जाईल, आणि उद्या ‘ग्राहकाने शिफारस नसलेले ऑइल वापरले’ असे लिहायला त्यांनाच कारण मिळेल.

आणि मॅन्युअलमधील तो पूर्ण परिच्छेद स्वतः वाचा. बोट ठेवलेली ओळ आणि तिच्या वरखालचा मजकूर यांत कधीकधी बराच फरक असतो.

बुटीबोरी_७७

माझे मत थोडक्यात. असे इंजिन एकदा उघडले की पूर्वीसारखे होत नाही. वॉरंटी शिल्लक आहे तोवर गाडीला किंमत आहे. वरपर्यंत ऑइल भरा आणि एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे व्हा.

जुनेवर्कशॉप

@बुटीबोरी_७७, म्हणजे तो दोष पुढच्या माणसाच्या गळ्यात घालायचा. तो माणूस चार महिन्यांनी माझ्याच मुलाच्या वर्कशॉपमध्ये येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि योग्य माणसाने बांधलेले इंजिन पूर्वीसारखेच होते. आमचा संसार त्यावरच चालला.

कामठीरोड_प्रवासी

मी हीच चूक आधी करून बसलो आहे, म्हणून लिहितो. माझी गाडी वेगळ्या कंपनीची होती, तिचेही नाव राहू द्या. ती साधारण हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात असे. मला भांडणाचा कंटाळा. मी डिकीत एक डबा ठेवून दिला आणि दर दोन आठवड्यांनी ओतत राहिलो. ऑइल बाजारातून घेतले, बिले ठेवली नाहीत, सर्व्हिसच्या वेळी तोंडी सांगितले की ‘जरा ऑइल कमी होते’, आणि ॲडव्हायझरने तोंडीच ‘बघून घेतो’ म्हटले. अशी दीड-पावणेदोन वर्षे गेली.

वॉरंटी संपल्यावर चौथ्या महिन्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि कन्व्हर्टर गेल्याचे निदान झाले. तेव्हा मी जुनी जॉब कार्डे काढून पाहिली, तर एकाही कार्डावर ऑइलच्या खपाचा शब्द नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरने अतिशय नम्रपणे सांगितले की त्यांच्या नोंदीनुसार माझ्या गाडीला वॉरंटीच्या काळात कोणतीही तक्रार नव्हती. यात तो खोटे बोलत नव्हता, हेच अधिक लागले. इंजिन उघडण्याचा आणि कन्व्हर्टरचा सगळा खर्च मी केला.

सिव्हिललाइन्स_वकील

वर दोघांनी जे लिहिले आहे, त्याचीच कागदी बाजू मांडतो. मी ग्राहक आयोगापुढे वाहनांची प्रकरणे चालवली आहेत. त्यांतील बरीच प्रकरणे गाडी चांगली असल्यामुळे नव्हे, तर मोजमाप नसल्यामुळे फसतात. ‘गाडी ऑइल खाते’ ही तक्रार झाली. ‘अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत इतके ऑइल गेले आणि हे तुमच्याच माणसाने मोजले’ हा पुरावा झाला.

म्हणून तुमची पहिली मागणी दुरुस्तीची नसावी, ती ऑइल खप चाचणीची असावी. बहुतेक कंपन्यांकडे यासाठी ठरलेली पद्धत असते. ऑइल व फिल्टर बदलून पातळी वरच्या खुणेपर्यंत आणतात, ड्रेन प्लग, फिल्टर, ऑइल भरण्याचे झाकण आणि डिपस्टिक यांवर रंगाची खूण किंवा सील लावतात, मीटरचा आकडा लिहून घेतात आणि साधारण हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून घट मोजतात. ही मागणी लेखी करावी. सर्व्हिस सेंटरला ई-मेल आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. त्या ई-मेलमध्ये दिवा लुकलुकल्याची तारीख, मीटरचा आकडा, त्या दिवशी किती ऑइल लागले आणि आजवर कधी किती भरले हे सर्व लिहावे. त्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा, की या इंजिनासाठी कंपनीने दुरुस्तीकरिता ठरवलेली ऑइल खपाची कमाल मर्यादा किती आहे. उत्तर आले तर तुम्हाला आकडा मिळतो. उत्तर आले नाही तर तेही आयोगापुढे बोलते.

यापुढे ‘सामान्य तपासणी’ असे लिहिलेल्या जॉब कार्डावर सही करू नका. तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. ते तयार नसतील, तर सहीच्या शेजारी स्वतःच्या हस्ताक्षरात ‘तक्रार: ऑइलचा अति खप’ एवढे लिहा आणि तेथेच फोटो काढा. वॉरंटी ज्या दिवशी संपते त्या दिवशी दुरुस्ती पूर्ण झालेली असणे आवश्यक नाही, परंतु तक्रार त्याआधी नोंदलेली असणे फार महत्त्वाचे आहे.

सामोपचाराने झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे आदेश मिळत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोहोचते आणि कधीकधी तेवढेच पुरते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. वस्तूच्या गुणवत्तेतील उणीव त्यात ‘दोष’ या व्याख्येत येते. तुम्ही नागपुरात राहता, म्हणून कंपनीचे कार्यालय देशात कोठेही असले तरी तक्रार नागपूर जिल्हा आयोगात करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत राहते. १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला कलम ३८ नुसार आहे, आणि अशा प्रकरणांत तज्ज्ञाचा अहवाल नसणे ही ग्राहकाची सर्वांत दुबळी बाजू ठरते.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या. ‘नवी गाडी द्या’ ही मागणी क्वचितच टिकते. वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर ग्राहकाला तेवढेच मागता येते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका वाहन प्रकरणात घेतलेली आहे. तुमची मागणी सदोष भाग बदलून द्या, ऑइलचे पैसे परत करा, एवढ्यापुरती ठेवलीत तर ती नाकारणे कंपनीला अवघड जाते.

वर्धारोडकर

सर्वांचे आभार. काल रात्री मॅन्युअल घेऊन बसलो आणि जुनेवर्कशॉप काकांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला. ॲडव्हायझरने दाखवलेली ‘एक लिटरपर्यंत’ ही ओळ पहिल्या ५,००० किलोमीटरसाठी आहे, म्हणजे इंजिन नवे असताना रिंगा बसण्याच्या काळासाठी. पान उलटल्यावर पुढच्या वाक्यात त्यानंतरची मर्यादा अर्धा लिटर दिलेली आहे. दोन्ही पानांचे फोटो ई-मेलला जोडून पाठवले आहेत.

दरम्यान घरी कसे मोजावे, हे कोणी सांगेल का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिपस्टिक रोज वेगळेच काही दाखवते.

जुनेवर्कशॉप

पार्किंगच्या फरशीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार असतो, त्याचा हा परिणाम आहे. एकच सपाट जागा ठरवा. तुमच्याकडचा एखादा पेट्रोल पंपाचा फलाटही चालेल. इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटे थांबा, पट्टी पुसून पुन्हा घाला आणि दोन्ही बाजूंनी वाचा.

परंतु खरा हिशेब पट्टीवर नव्हे, डब्यावर करा. स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर ऑइलचा डबा ओतण्यापूर्वी आणि ओतल्यानंतर ठेवा. ऑइलचे वजन लिटरला साधारण ८५० ग्रॅम असते, म्हणजे १०० ग्रॅम कमी झाले तर सुमारे ११८ मिली ऑइल गेले. घरातील मंडळींची परवानगी आधी घ्यावी, आमच्याकडे त्या काट्यावरून महाभारत झाले होते. वरच्या खुणेच्या वर कधीही भरू नका. जास्तीचे ऑइल क्रँकने घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि पीसीव्हीच्या वाटेने तेच जळायला जाते. मग खप आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

एक बारकावा तुमच्या वापराला विशेष लागू आहे. तुमचे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे असेल, तर मनीषनगर ते सीताबर्डी अशा थंड इंजिनाच्या लहान फेऱ्यांत थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. त्यामुळे ऑइल जळत असूनही पातळी टिकून असल्यासारखी दिसते. मग एखाद्या दिवशी समृद्धीवर १२० च्या वेगाने चार तास गाडी चालली की ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी एकदम कोसळते. तुमच्या बाबतीत त्या दिवशी असेच काहीसे झाले असावे. म्हणून चाचणीचे हजार किलोमीटर केवळ शहरात पूर्ण करू नका. नेहमीसारखे वर्ध्याला जा, नाहीतर आकडा खोटा चांगला येईल. आणि पाचशे किलोमीटरवर त्यांच्यासमोर एकदा पातळी पाहून घ्या. सील लावलेली पट्टी आहे म्हणून कोरड्या इंजिनावर गाडी हाकण्यात शहाणपण नाही.

वर्धारोडकर (सात आठवड्यांनंतर)

उशिरा लिहीत आहे, पण मधल्या काळात लिहिण्यासारखे काही घडतच नव्हते. पहिल्या ई-मेलला दहा दिवस उत्तर आले नाही. १९१५ वर तक्रार नोंदवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून वर्क्स मॅनेजरचा स्वतः फोन आला. मॅन्युअलमधील दुसऱ्या पानाविषयी त्यांनी एकही शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही, चाचणीचे ठरले.

सील माझ्यासमोर लावले. पाचशे किलोमीटरवर पातळी खालच्या खुणेच्या थोडी वर होती. १,०१२ किलोमीटर झाल्यावर ऑइल पूर्ण काढून मोजले, तर ७१० मिली कमी भरले. माझा घरचा वजनकाट्याचा आधीचा हिशेब ६९० च्या आसपास होता, म्हणजे काटा बरा निघाला. त्यानंतर कंपनीचे तांत्रिक अभियंता आले आणि बोरोस्कोप घालून पाहिले. दुसऱ्या सिलिंडरचा माथा ओला होता आणि त्याच्या स्पार्क प्लगवर पांढरट राख होती. आता रिंगा व पिस्टन बदलायचे की ब्लॉकसह (सिलिंडर असलेल्या मुख्य भागासह) अर्धे इंजिनच बदलायचे, याचा निर्णय वरून येणार आहे. मी कशाचा आग्रह धरावा?

जुनेवर्कशॉप

एकाच सिलिंडरमध्ये दोष असेल तर त्याची भिंत मोजल्याशिवाय केवळ रिंगा बदलू देऊ नका. भिंत घासली गेली असेल किंवा गोलाई बिघडली असेल, तर नवी रिंगही तेथे बसणार नाही आणि सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा याच जागी याल, तेही वॉरंटीशिवाय. मोजमापाचा कागद मागा. बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, ठीक असेल तर पिस्टन-रिंगा पुरेशा आहेत, नसेल तर अर्धे इंजिन. यात आग्रह तुमचा नसावा, मायक्रोमीटरचा असावा. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरलेलेच असेल, तेव्हा व्हॉल्व्ह स्टेम सील त्याच वेळी बदलून घ्या. ती किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण तिच्यासाठी पुन्हा हेड उतरवणे किरकोळ नाही.

वर्धारोडकर (आणखी पाच आठवड्यांनंतर)

बोअर मर्यादेबाहेर निघाला. अर्धे इंजिन वॉरंटीत बदलून मिळाले. गाडी एकोणीस दिवस आत होती. बदली गाडी मिळाली नाही, मी वर्ध्याला रेल्वेने जात होतो. परत आल्यापासून १,२०० किलोमीटर झाले आहेत आणि वजनकाट्यानुसार घट पन्नास मिलीही नाही. आधी घेतलेले टॉप-अपचे पैसे परत देण्याचे त्यांनी मान्य केले आहे, अजून आलेले नाहीत.

एक शंका राहिली. नव्या अर्ध्या इंजिनाला पुन्हा तीन वर्षांची वॉरंटी असते का? सर्व्हिस सेंटरमध्ये दोन माणसांनी दोन उत्तरे दिली.

सिव्हिललाइन्स_वकील

वॉरंटी पुस्तिकेत बहुधा असे लिहिलेले असते की वॉरंटीत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू राहतो. तुमची पुस्तिका वाचून खात्री करा आणि दोन उत्तरांपैकी कोणते खरे, हे ई-मेलवर लेखी मागा. विस्तारित वॉरंटी घेण्याची मुदत संपली नसेल, तर ती घ्या. इंजिन एकदा बदललेले असल्याने ती नाकारता येईल का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारा.

कामठीरोड_प्रवासी

आणि माझ्यासारखे करू नका. गाडीने बराच काळ ऑइल जाळलेले आहे, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांची तपासणी करून अहवाल मागून घ्या. त्या दिवशी ऑइलचा दिवा लुकलुकला होता, तेव्हा टर्बोच्या शाफ्टला ढिलाई आहे का, हेही त्यांना पाहायला सांगा. आज सगळे ठीक निघाले तरी, तक्रार केली होती आणि तपासले होते, एवढे जॉब कार्डावर राहील.

वर्धारोडकर

उद्या सकाळीच ई-मेल करतो. वॉरंटीचे एकेचाळीस दिवस उरले आहेत.